नाण्याचे मोल कशात असते?

नांदेडच्या नगिना घाटाची एक कथा गोदाकाठी आजही सांगितली जाते. 1708 साली गुरू गोविंदसिंगजींचा मुक्काम इथे होता. त्यांना एक अतिशय मौल्यवान रत्न भेट आले. कुणी म्हणतात ते बादशहा बहादुरशहाने दिले, कुणी म्हणतात एका वणजारी शिष्याने. गुरूंनी ते हातात घेतले आणि सरळ गोदावरीत टाकून दिले. देणारा दुखावला. तेव्हा गुरू त्याला म्हणाले, पाण्यात पाहा आणि तुझे रत्न ओळखून परत घे. त्याने वाकून पाहिले तर पात्रात तशाच रत्नांचे ढीग पडलेले. आपले कोणते, हे त्याला सांगता येईना.

नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातले नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांच्या चरित्रातही अशीच एक कथा आहे. परिसा भागवताच्या घरचा परीस नामदेवांच्या पत्नी राजाईच्या हाती आला. नामदेवांना ते कळले आणि त्यांनी तो चंद्रभागेत टाकला. परिसा भागवत रागाने परत मागायला आला, तेव्हा नामदेवांनी वाळवंटातून ओंजळभर खडे उचलून त्याच्यापुढे धरले. ते सगळेच परीस होते. नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे या दोन कथांचे नाते कुणाला सहज जोडावेसे वाटेल. ते जोडता येवो न येवो, दोन्ही कथांतला विचार मात्र एकच आहे. रत्न खोटे आहे किंवा परीस कुचकामी आहे, असे कुणी म्हणत नाही. त्याच्यासारखे पुष्कळ दाखवले जातात आणि त्याचे मोल तिथल्या तिथे संपते.

दुर्मिळ नाण्यांसाठी लोक लाखो, कधी कोट्यवधी रुपये मोजतात. या दोन्ही कथा त्यांच्यापुढे एक अवघड प्रश्न ठेवतात. एखाद्या वस्तूचे मोल ती दुसऱ्यांकडे नाही एवढ्यावरच उभे असेल, तर ते मोल वस्तूचे की दुसऱ्याच्या अभावाचे?

प्रश्न सोडवायला नांदेडइतके चांगले ठिकाण शोधून सापडणार नाही. शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरी आहे. गोदावरीवरच्या धरणाचा जलाशय, काठावरचे काळेश्वराचे देऊळ, जवळच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. इथे दर्शनाला येणारी माणसे नदीला हात जोडतात आणि एखादे नाणे पाण्यात सोडतात. पुलावरून जाणाऱ्या गाडीतूनही कुणीतरी सोडतेच. ते नाणे पुन्हा कुणाच्या हाती यावे अशी सोडणाऱ्याची इच्छा नसते. नाण्याचा एक उपयोग त्याच्या हातून सुटण्यात आहे, हे या माणसांना न शिकवता ठाऊक असते. संग्राहकाचा सगळा जीव मात्र ते हाती ठेवण्यात असतो.

याच काठावर, 1708 च्या सप्टेंबरात, माधोदास नावाचा एक बैरागी गुरू गोविंदसिंगजींना भेटला. पुढे तो बंदा सिंग बहादूर म्हणून ओळखला गेला. नांदेडचा बंदा घाट त्याच भेटीची आठवण सांगतो. गुरूंचा आदेश घेऊन तो पंजाबकडे निघाला. 7 ऑक्टोबर 1708 रोजी गुरूंचे नांदेडातच निर्वाण झाले. त्याआधी त्यांनी आपल्यानंतर कुणी देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, असे सांगून ठेवले होते. दीड वर्षात, मे 1710 मध्ये, बंदाने सरहिंद जिंकले, लोहगडावर आपले ठाणे केले आणि नाणी पाडली.

त्या काळी राजा झाल्याच्या खुणा दोन. शुक्रवारच्या खुतब्यात आपले नाव घेतले जाणे आणि नाण्यावर आपले नाव उमटणे. बंडखोर सरदार गादीवर चार दिवस टिकला तरी आधी टांकसाळ गाठायचा. बंदा सिंगाने टांकसाळ गाठली, पण नाण्यावर स्वतःचे नाव घातले नाही. फारसी मजकुरात गुरू नानकांची तलवार सर्व काही देणारी आहे आणि गुरू गोविंदसिंगांचा विजय त्या खऱ्या परमेश्वराच्या कृपेचा आहे, अशा आशयाच्या ओळी आहेत. नाणे पाडणारा त्यात कुठेही नाही. सरहिंदच्या विजयापासून त्याने नवी वर्षगणना सुरू केली. जी मोजकी नाणी आज माहीत आहेत त्यांवर दुसरे आणि तिसरे वर्ष आहे. 1715 च्या अखेरीस तो पकडला गेला आणि जून 1716 मध्ये दिल्लीत त्याला हालहाल करून मारले. त्याची नाणी चलनात फार फिरण्याआधीच संपली.

या नाण्यांमागचा विचार नांदेडात घडला, असे म्हणणे धाडसाचे नाही. अधिकार कुणा व्यक्तीच्या देहात नसून वचनात आहे, हे गुरूंनी या गावात सांगितले. गुरू देहाचा राहिला नाही, तशी सत्ताही देहाची राहिली नाही. पुढे 1801 पासून महाराजा रणजितसिंगांनी नाणी पाडली, तेव्हा त्यांनीही तोच रिवाज पाळला. त्यांचे रुपये नानकशाही म्हणून ओळखले गेले आणि त्यांवर रणजितसिंगांचे नाव नाही. याच रणजितसिंगांनी 1832 ते 1837 या काळात नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबची वास्तू उभारली. पंजाबातून निघालेला पैसा जिथून तो विचार निघाला होता तिथे परत आला.

आता यातली अडचण पाहू. बंदा सिंगाच्या काळची खरी नाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी सापडतात, म्हणून संग्राहकांत त्यांना भारी किंमत आहे. तीच किंमत बघून त्यांची बनावट नाणीही बाजारात आली. ज्या नाण्याने ‘हे माझे नव्हे’ असे जगाला सांगितले, ते ‘हे फक्त माझ्याकडे आहे’ असे म्हणण्यासाठी विकत घेतले जाते. हा विरोध खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण त्यावरून संग्राहकाला दोषी ठरवून मोकळे होणेही चुकीचे ठरेल, कारण अशी नाणी जपली गेली नसती तर बंदाने स्वतःचे नाव घातले नव्हते, ही गोष्ट आज नुसती ऐकीव राहिली असती.

नाणे दुर्मिळ कसे होते, हे आधी नीट पाहिले पाहिजे. पुष्कळांची समजूत अशी की जुने ते महाग. तसे नाही. सातवाहनांची शिशाची आणि मिश्रधातूची अनेक नाणी दोन हजार वर्षांची आहेत, पण ती इतकी सापडली आहेत की साधा पगारदार संग्राहकही विकत घेऊ शकतो. शिवकालापासून चालत आलेली तांब्याची शिवराई एकोणिसाव्या शतकातही बाजारात फिरत होती आणि आजही ती ढिगाने मिळते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ हीच अक्षरे असलेला सोन्याचा होन मात्र फार थोड्यांनी प्रत्यक्ष पाहिला आहे. राजा एक, अक्षरे एक, तरी किमतीत जमीनअस्मानाचे अंतर. ते केवळ सोन्याच्या वजनाचे नाही. होन तीन ग्रॅमसुद्धा भरत नाही.

दुर्मिळपण निसर्गातून येत नाही. बहुतेक वेळा त्यामागे माणसाने केलेला नाश असतो. अमेरिकेने 1933 साली वीस डॉलरची 4,45,500 सोन्याची नाणी पाडली. त्याच वेळी सोन्याचे चलन बंद झाले आणि ती सगळी वितळवण्याचा हुकूम निघाला. थोडी चोरून बाहेर गेली. इजिप्तच्या फारुख राजाकडे असल्याचे मानले जाणारे एकच नाणे पुढे खासगी मालकीसाठी कायदेशीर ठरले. जून 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 1 कोटी 88 लाख डॉलरहून अधिक किंमत आली. मुशीत गेली नसती तर त्याची लाखो भावंडे शिल्लक असती आणि या नाण्याकडे सोन्यापलीकडे कुणी फारसे पाहिले नसते.

आपल्याकडे एक नाणे तर धर्मभावनेमुळे दुर्मिळ झाले. 1911 चा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. राजाच्या अंगावरच्या झग्यात हत्तीची आकृती होती, पण ती इतकी बारीक आणि आखूड सोंडेची उतरली की लोकांना तो डुक्कर वाटला. मुसलमानांना ते नाणे हाती धरणे अपमानाचे वाटले आणि हिंदूंनाही ते रुचले नाही. 94 लाखांच्या आसपास रुपये पाडले होते, त्यांतले सुमारे सात लाख बाहेर पडले, उरलेले वितळवले गेले. 1912 च्या नाण्यावर हत्ती सुधारून, ठळक सोंडेसह आला. आज संग्राहक 1911 चा रुपया मुद्दाम शोधतात. ज्या आकृतीने श्रद्धा दुखावली, तिच्यामुळेच त्याची किंमत वाढली आहे.

आणि मराठवाड्याच्या घराघरांत जे नाणे कधी ना कधी होते, तो हाली सिक्का. निजामाच्या राज्यात कलदार आणि हाली असे दोन हिशेब चालत. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया, हाली म्हणजे हैदराबादचा. सात हाली रुपयांना सहा कलदार, हा भाव जुन्या माणसांना तोंडपाठ असे. विलीनीकरणानंतरही तो काही वर्षे चालला आणि 1959 साली चलनातून कायमचा गेला. त्यानंतर कित्येक ठिकाणी तो सोनाराकडे चांदी म्हणून वितळला. जो राहिला तो लक्ष्मीपूजनाच्या ताटात किंवा देवघरात कुलदैवताच्या टाकांशेजारी राहिला.

या हाली नाण्यांवर श्रद्धा आणि सत्ता यांची गुंफण बघण्यासारखी आहे. आसफजाही घराणे 1724 नंतर प्रत्यक्षात स्वतंत्र होते, पण 1857 पर्यंत हैदराबादच्या टांकसाळीने नाव घातले ते दिल्लीच्या बादशहाचे. सत्ता उरली नव्हती तरी नाव चालत होते, कारण सराफ त्याच नावाला ओळखत. पुण्याच्या टांकसाळीतला अंकुशी रुपयाही मोगल बादशहाच्याच नावाचा होता. नाव बदलले की बट्टा बसतो, हे पेशव्यांनाही कळत होते. दिल्लीची बादशाही बुडाल्यावर हैदराबादने नाण्यावर आसफजाहचे नाव आणि 92 हा आकडा आणला. अक्षरांना अंकमूल्य देण्याच्या अबजद पद्धतीत ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज 92 येते. राजाच्या नावाशेजारी पैगंबरांचे नाव आकड्याच्या रूपाने आले आणि उदगीर, कंधारच्या बाजारात ते हिंदू-मुसलमान दोघांच्या हातांतून फिरले.

त्यानंतर चारमिनार आला. त्याच्या दारात राज्यकर्त्याच्या नावाचे पहिले अक्षर, महबूब अली खानसाठी मीम, उस्मान अली खानसाठी ऐन. हिजरी 1329 आणि 1330 च्या सुमारास उस्मान अली खानांच्या काही रुपयांवर हा ऐन अपुरा उमटलेला आहे. संग्राहक त्याला ‘अर्धा ऐन’ म्हणतात आणि ‘पूर्ण ऐन’पेक्षा वेगळा मोजतात. एका अक्षराच्या शेपटीवरून किंमत बदलते, हे बाहेरच्याला वेड वाटेल. परंतु त्या शेपटीत ठसा कोरणाऱ्या कारागिराचा हात आहे. नव्या राजाचे अक्षर घाईने कोरले गेले, मग दुरुस्त झाले. कोणत्याही बखरीत ही गोष्ट नाही. ती फक्त नाण्यात आहे.

इथे पाचव्या शतकातल्या बुद्धघोषांची आठवण येते. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथात जाणण्याच्या पायऱ्या समजावताना त्यांनी नाण्यांचेच उदाहरण घेतले आहे. सराफाच्या फळीवर नाण्यांचा ढीग पडला आहे. लहान मुलाला त्यात रंग, आकार, नक्षी दिसते. गावच्या माणसाला त्याहून अधिक कळते, की याने वस्तू विकत घेता येतात. पण खरे कोणते, खोटे कोणते, भेसळ कशात आहे हे त्याला उमगत नाही. सराफाला ते सगळे उमगते. तो पाहून, वाजवून, वास घेऊन, चव घेऊन, हातावर तोलून सांगतो. एवढेच नव्हे तर ते कुठल्या गावी, कुठल्या डोंगरावर, कुठल्या नदीकाठी घडले आणि कुठल्या कारागिराने घडवले, हेही त्याला कळते. बुद्धघोषांच्या लेखी प्रज्ञा ही तिसरी पायरी आहे.

लक्ष देण्याजोगी गोष्ट ही की या तिसऱ्या पायरीवर किमतीचा उल्लेख शेवटचा नाही. शेवटचा आहे तो उगमाचा. नाणे कुठून आले आणि कुणी घडवले, हे कळणे म्हणजे नाणे कळणे. कौटिल्यानेही नाणी पाडण्यावर लक्षणाध्यक्ष आणि ती पारखण्यासाठी रूपदर्शक असे दोन वेगळे अधिकारी नेमायला सांगितले. पाडणे आणि पारखणे ही निराळी विद्या आहे, हे तेव्हापासून मान्य होते.

या दृष्टीने गोदावरीनेच एक फार मोठा पुरावा हाती दिला. 1906 साली नाशिक जिल्ह्यात, गोदावरी आणि दारणा यांच्या संगमाजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची, त्याचा मुखवटा आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्यांतली अक्षरे असलेली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आहे. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, उच्छेद केल्याचे त्याच्या आईने लिहवून घेतले होते. आईने मुलाची स्तुती केली, त्यात किती खरे, असे कुणी म्हणू शकला असता. या नाण्यांनी तो प्रश्नच मिटवला.

यातले एखादे नाणे सुटे विकत घेतले तर ते फार महाग पडणार नाही, कारण अशी हजारो आहेत. संतांच्या कथेतल्या परिसासारखे ते ओंजळीने मिळते. आणि तरीही त्याचे मोल कमी झालेले नाही. उलट ती हजारोंनी, एकत्र, एका जागी सापडली आणि मोजली गेली म्हणूनच दर तीन नाण्यांतल्या दोनांवर नवा ठसा आहे हे कळले, नवा राजा जुने चलन न वितळवता आपलेसे करत होता हे कळले. प्रत्येक नाणे वेगवेगळ्या खिशात गेले असते तर हे ज्ञान कुणाच्याच खिशात उरले नसते. दुर्मिळपण आणि मोल या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे सिद्ध करायला दुसरे उदाहरण नको.

मग नगिना घाटाच्या कथेने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता येते. अनेक झाल्यावर जे संपते ती किंमत. अनेक झाल्यावरही जे उरते, कधी वाढते, ते मोल. नाण्याची किंमत दुसऱ्याकडे ते नाही यावर चालते, मोल मात्र ते कशाची साक्ष देते यावर. बाजारात ही दोन्ही एकमेकांत इतकी मिसळलेली असतात की चांगल्या संग्राहकालाही ती निवडता येत नाहीत. पण निवडावी लागतात.

संग्राहकांचा एक नियम धार्मिक माणसाला विशेष खटकतो. ज्या नाण्याला कुणाचा हात लागलेला नाही, जे टांकसाळीतून आले तसेच राहिले, त्याला सर्वांत जास्त भाव. म्हणजे ज्याने नाणे म्हणून एकही काम केले नाही ते श्रेष्ठ. याउलट देवघरातला चांदीचा रुपया बघावा. दर दिवाळीला चिंच आणि रांगोळीने घासून, हळदकुंकू वाहून, पिढ्यान्‌पिढ्या ज्याची अक्षरे बोटांखाली झिजली, तो बाजारात चांदीच्या भावाने जातो. पुतळ्यांच्या माळेतली व्हेनिसची सोन्याची नाणी घ्या. समुद्र ओलांडून आलेली, त्यांवर ख्रिस्त आणि संत मार्क यांच्या आकृती, आणि ती मराठी बायकांनी गळ्यात घातली. कडी डाकलेली म्हणून संग्राहकाच्या वहीत त्यांचा दर्जा उतरतो. पण त्या कडीत इतिहास आहे. परक्या देवाची नाणी इथल्या मंगलकार्यात आपली झाली, हे ती डाकलेली कडीच सांगते, कोरे नाणे सांगू शकत नाही. या बाबतीत संग्राहकांचा दंडक अपुरा आहे, असेच म्हणावे लागेल. झिजणे हाही पुरावा असतो.

इथे अपरिग्रहाची बाजू मांडणारे म्हणतील की साक्ष वगैरे सगळे खरे, पण साठवणे ते साठवणेच. जैन परंपरेने परिग्रहाला बंधनाचे मूळ मानले. गीतेने योग्याला ढेकूळ, दगड आणि सोने सारखेच वाटते असे म्हटले. तुकोबांनी शिवरायांकडून आलेला नजराणा परत पाठवल्याची कथा महाराष्ट्र विसरलेला नाही. 2002 साली सरकारने त्याच तुकोबांची प्रतिमा असलेले दोन रुपयांचे नाणे काढले. त्याआधी 1999 मध्ये ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे काढले होते. ही नाणी भाजीच्या, रिक्षाच्या पैशांत मिसळून फिरली, झिजली. संतांच्या नावाला हेच शोभून दिसते.

आक्षेप वजनदार आहे. त्याला टाळता येत नाही. पण समदृष्टी म्हणजे आंधळेपणा नव्हे. ढेकूळ आणि सोने ज्याला सारखे वाटते, त्याला दोहोंचाही हव्यास नसतो एवढाच त्याचा अर्थ. दोहोंतला फरक त्याला दिसत नाही असे नाही. नाण्याची साक्ष वाचायची आणि मालकीचा हट्ट सोडायचा, हे शक्य आहे, आणि या राज्यात ते लोकांनी करून दाखवले आहे. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला 1980 साली परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी केली. खासगी छंदातून जमलेली माहिती तिथे अभ्यासकांसाठी खुली झाली. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या मातीतून निघालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या आणि त्या पुढे शासनाच्या संग्रहालयाला मिळाल्या. प्राचीन तगर म्हणजे हेच तेर. लामतुरे यांनी वस्तू गावाबाहेर जाऊ दिल्या नाहीत, म्हणून तेर आज वाचता येते. जमवणे आणि सोडणे या दोन्ही क्रिया एकाच माणसाच्या हातून होऊ शकतात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जहांगीरची हजार मोहरांची मोहर आहे. 1613 साली आग्र्यात पाडलेले, सुमारे बारा किलो वजनाचे सोन्याचे एकच नाणे. ते फिरत फिरत निजामाच्या घराण्यात आले. 1987 साली ते जिनिव्हात लिलावाला निघाल्याची बातमी आली आणि भारत सरकारने चौकशी सुरू केली. आज ते कुठे आहे हे जाहीरपणे कुणाला माहीत नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या सोन्याच्या नाण्यांपैकी एक, आणि कुणालाच पाहता येत नाही. किंमत अफाट, साक्ष शून्य.

श्रद्धेचा व्यापार करणारेही नाण्यांच्या बाजारात शिरले आहेत. वैष्णोदेवीची प्रतिमा असलेली 2012 ची पाच आणि दहा रुपयांची नाणी किंवा 786 ने संपणारी नोट असेल तर लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती मोबाइलवर सारख्या येतात. 786 ला मुसलमानांत शुभ मानतात, म्हणून अशी नोट कुणी हौसेने थोडी जास्त देऊन घेतो, यात गैर काही नाही. पण लाखांचे आमिष दाखवून आधी ‘नोंदणी शुल्क’, मग ‘कर’ म्हणून पैसे उकळले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये स्पष्ट इशारा दिला की बँक अशा व्यवहारांत नाही आणि त्यासाठी कोणतेही शुल्क मागत नाही. वैष्णोदेवीची नाणी मोठ्या संख्येने निघालेली आहेत. ज्याच्याकडे असेल त्याने ते देवघरात ठेवावे किंवा खर्च करावे.

राहिला प्रश्न जमिनीत सापडणाऱ्या नाण्यांचा, आणि मराठवाड्यासाठी खरा महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. नांगरताना, विहीर खणताना, पडका वाडा पाडताना, नदीतली वाळू उपसताना इथे नाण्यांची मडकी निघतात. सोनाराच्या मुशीत ती एका संध्याकाळी नाहीशी होतात. याला केवळ लोभ कारण नाही, कायदाही कारण आहे. 1878 चा निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही जमिनीत सापडले तर सापडणाऱ्याने ते काय आहे, किती आहे, कुठे आणि कधी सापडले हे जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचे असते. कळवले नाही तर शिक्षा आहे. आणि सरकारने ते स्वतःकडे घ्यायचे ठरवले तर मोबदला किती? धातूची किंमत, अधिक तिचा पाचवा भाग.

म्हणजे शेतकऱ्याला सातवाहनांचे एखादे अपूर्व नाणे सापडले तरी कायद्याच्या नजरेत ते काही ग्रॅम चांदी. बुद्धघोषांच्या तीन पायऱ्यांपैकी दुसऱ्याही पायरीवर हा कायदा पोचत नाही. इंग्लंडमध्ये 1996 च्या कायद्याने स्वतंत्र समिती बाजारभाव ठरवते आणि तो शोधणारा व जमीनमालक यांच्यात वाटला जातो. तिथे लोक सापडलेल्या वस्तू आपणहून नोंदवतात, आणि त्यात नवल काही नाही.

आपल्या कायद्यातला तो पाचवा भाग बदलायला हवा. सापडलेल्या नाण्याची किंमत अभ्यासक आणि बाजार या दोघांना विचारून ठरावी, ती सापडणाऱ्याला रोख आणि वेळेवर मिळावी, आणि नाणे शक्यतो त्याच जिल्ह्याच्या संग्रहालयात राहावे. ते होईपर्यंत गोदाकाठच्या वाचकांना एवढीच विनंती आहे की नाणी सापडली तर ती घासू नका, वाटून घेऊ नका, मडक्यासकट ठेवा, जागेचा फोटो काढा आणि जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवून पोच घ्या.